माझं घड्याळ आणि आठशे मीटर

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, ‘तू घड्याळावर बोल, पण पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नकोस.’ म्हणून बोलायला उभं राहतानाच मी मनगटावरचं वरचं बटण दाबलंय. काटा निघाला. हातात भडंगाच्या पुड्या असतील त्यांनी खुशाल खात राहावं, माझी हरकत नाही.

सकाळपासून तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी माझा हात धरून हे घड्याळ बघितलं. प्रश्न एकच, ‘केवढ्याला?’ त्याचं उत्तर मी देणार नाही. कारण माझी सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला आकडा माहीत आहे, पण तो चारचौघांत ऐकावा लागू नये एवढी तिची अपेक्षा रास्त आहे. मी आयुष्यभर पुण्यात मशीन शॉपमध्ये नोकरी केली. गाडी अकरा वर्षांची आहे, ती बदलली नाही. त्या जागी हे घेतलं, एवढं सांगतो.

हे साधं घड्याळ नाही, क्रोनोग्राफ आहे. म्हणजे रोजची वेळ दाखवणारं घड्याळ आणि स्टॉपवॉच, दोन्ही एकाच डबीत. क्रोनोग्राफ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वेळ लिहिणारा’. हे नाव उगीच पडलेलं नाही. १८२१ साली पॅरिसमध्ये निकोला र्‍यूसेक नावाच्या घड्याळजीनं घोड्यांच्या शर्यतीत एक यंत्र वापरलं. घोडा पोचला की ते यंत्र तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका पाडायचं. त्याच्याही आधी, १८१६ मध्ये, लुई मोने या कारागिरानं आकाशातले तारे मोजायला सेकंदाचा साठावा भाग दाखवणारं यंत्र केलं होतं. म्हणजे बघा, एकानं ताऱ्यांसाठी केलं, दुसऱ्यानं घोड्यांसाठी. पोरांसाठी कुणी केलं ते पुढं सांगतो.

माझं घड्याळ ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर आहे. हे मॉडेल १९५७ चं, मोटारींच्या शर्यतीसाठी काढलेलं. पुढं अमेरिकेच्या नासाला अंतराळवीरांच्या हातावर बांधायला घड्याळ हवं होतं. त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं आणली आणि त्यांचे हाल केले. तापवली, गोठवली, आपटली, हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवली, थरथरवली. त्यात टिकलं ते हे. १ मार्च १९६५ रोजी त्याला मानवी अंतराळ मोहिमांसाठी मान्यता मिळाली. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची सकाळ होती, साडेआठच्या सुमाराची. आपण सगळे तेव्हा पाळण्यात नाहीतर रांगत होतो. गंमत अशी, की आर्मस्ट्राँगनं आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण यानातलं घड्याळ बिघडलं होतं. त्यामुळं चंद्राच्या जमिनीवर पहिल्यांदा हातात बांधलेलं घड्याळ गेलं ते मागून उतरलेल्या ऑल्ड्रिनचं. मागून येणाऱ्यालाही काही मिळतं, हे आपल्यासारख्या शेवटच्या बाकावरच्यांनी लक्षात ठेवावं.

पुढच्याच वर्षी, १९७० साली, अपोलो १३ चं यान वाटेत फुटलं. परत येताना दिशा दुरुस्त करायला इंजिन बरोबर चौदा सेकंद चालवायचं होतं. वीज वाचवायची म्हणून यानातली यंत्रणा बंद. तेव्हा स्विगर्टनं हातातल्या स्पीडमास्टरवर ते चौदा सेकंद मोजले. तिघं जण सुखरूप परत आले. बटण वेळेवर दाबणं म्हणजे काय, ते त्या माणसाला विचारावं.

चंद्रावर पाऊल पडल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, कंपनीनं या घड्याळाची खास आवृत्ती काढली. स्टीलची फक्त ६,९६९ नगं. सगळ्या जगाला मिळून. त्यातलं हे एक. जवळ या आणि बघा. अकराच्या जागी रेघ नाही, सोन्याचा ११ आकडा आहे, अपोलो अकरा म्हणून. डावीकडच्या छोट्या तबकडीत यानाच्या शिडीवरून उतरणारा ऑल्ड्रिन कोरलाय. मागच्या झाकणावर चंद्राच्या मातीत उमटलेला बुटाचा ठसा आहे.

२०१९ मध्ये मी याचा फोटो पहिल्यांदा बघितला आणि झोप उडाली. बायकोला सांगितलं नाही, पण पैसे बाजूला टाकायला लागलो. निम्म्याहून जास्त जमले होते. मग ऑगस्ट आला. २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला मी काय सांगायचा? कृष्णा-पंचगंगेचं पाणी कुरुंदवाडात माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. जयसिंगपुरात किती घरांनी तेव्हा पाहुणे, म्हशी, भांडीकुंडी सगळं ठेवून घेतलं, ते इथं बसलेल्यांना माहीत आहे. घड्याळाचे पैसे अक्काच्या घराला गेले. त्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. मग कोरोना, मग मुलीचं लग्न. तोवर दुकानातली नगं केव्हाच संपली होती. आता मिळायचं ते कुणाच्या तरी हातचं.

या वर्षी मुंबईतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी आपलं विकायला काढलं. मी रात्रीच्या गाडीनं गेलो. घड्याळ कंपनीच्या माणसांकडून उघडून तपासून घेतलं, कारण या घड्याळाची नक्कलही भरपूर निघते. सगळं खरं निघालं तेव्हा माझे हात थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, ‘चावी तुम्हीच द्या.’ याला सेल नाही, रोज सकाळी चावी द्यावी लागते, एकदा दिली की पन्नास तास चालतं. मी चावी दिली, कानाला लावलं. आणि खरं सांगतो, १९८४ साली वडिलांनी दहावी झाल्याबद्दल एचएमटी जनता आणून दिलं होतं, त्या वेळचाच आनंद झाला. ते सतरा रत्नांचं, हेही चावीचं. बेंगळुरूला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं तो कारखाना सुरू झाला आणि तुमच्या-माझ्या बापांच्या मनगटावर घड्याळ आलं. २०१६ मध्ये सरकारनं तो कारखाना बंद करायचं ठरवलं त्या दिवशी मी ऑफिसात कुणाशी बोललो नव्हतो. माझं जनता अजून चालतं. दिवसाला दोन मिनिटं मागं पडतं, पण माझंही तेच झालंय.

परतीच्या गाडीत मी पोरासारखा वागलो. या घड्याळाच्या कडेला वेग मोजायची पट्टी असते. रुळाच्या बाजूचा किलोमीटरचा दगड आला की बटण दाबायचं, पुढचा आला की परत दाबायचं. काटा जिथं थांबेल तिथला आकडा म्हणजे ताशी वेग. पंचेचाळीस सेकंद लागले तर ऐंशी. मिरजेपर्यंत मी तेच करत होतो. समोरच्या बाकावरच्या आजींनी हिला विचारलं, ‘मालक रेल्वेत आहेत का?’ घरी आल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजून झाल्या. हिच्या फोनवरच्या गप्पाही मोजल्या. त्यासाठी बारा तासांची वेगळी तबकडी आहे, ती पुरली.

आता गंमत पुरे. मी बोलायला उभा राहिलोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

लोक मला विचारतात, एवढी घड्याळं जगात असताना तुला क्रोनोग्राफच का हवा होता? चाळीस वर्षं मी उत्तर द्यायचो, ‘यंत्र फार सुंदर आहे.’ ते खरंच आहे. वरचं बटण दाबलं की आत एक चाक सरकून चालत्या चाकाला भिडतं आणि काटा पळायला लागतो. परत दाबलं की चाक सुटतं. आणि खालचं बटण दाबलं की एक छोटी हातोडी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या चकतीवर आपटते. काटा कुठंही असू दे, त्या बदामाच्या उतारावरून हातोडी घसरते आणि काटा फटकन शून्यावर येतो. मी मशीन शॉपमध्ये जन्म काढला, पण इतक्या साध्या आकारानं इतकं नेमकं काम केलेलं दुसरीकडं बघितलं नाही.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण आपल्या पी.टी.च्या सरांच्या खिशात होतं.

आठवतंय ना? सरांच्या गळ्यात शिट्टी आणि पांढऱ्या पॅंटच्या खिशात काळ्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. सगळ्या शाळेत ते एकच. मला खेळातलं काहीच येत नव्हतं. कबड्डीत मला कुणी घेत नसे. पण गणित बरं होतं, म्हणून सरांनी नववीत मला वेळ धरायला उभं केलं. त्या दिवशी त्यांनी ती नाडी माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली आणि म्हणाले, ‘पडलं तर तुझ्या बापाचा पगार जाईल.’ मला वाटलं, मी राजा झालो.

ते स्टॉपवॉच सेकंदाला पाच ठोके टाकायचं. म्हणजे तासाला अठरा हजार. त्यामुळं काटा सेकंदाच्या पाचव्या भागानं उड्या मारायचा. वेळ लिहायची ती दोन, चार, सहा, आठ अशा दशांशातच. माझ्या या घड्याळात सेकंदाला सहा ठोके पडतात. पन्नास-साठ वर्षांत एका ठोक्याचीच काय ती प्रगती झाली म्हणायची.

१९८३ च्या हिवाळ्यातली गोष्ट. आपण दहावीत. तालुक्याच्या स्पर्धेसाठी आठशे मीटरची निवड होती. मैदान लहान, दोनशे मीटरचा फेरा, म्हणून चार फेऱ्या. मुलं चौदा. एकदम सोडली तर पहिल्याच वळणावर एकमेकांच्या पायात पडली असती. सरांनी दोन गट केले. शाळेतून दोघं जाणार होते, आणि ते वेळेवर ठरणार होते. कोण पहिला आला, कोण दुसरा, ते बघायचं नाही. वेळ बघायची.

पहिल्या गटात पहिल्या दोघांची वेळ मी धरली, दोन मिनिटं १७.६ आणि दोन मिनिटं १८.८. दुसऱ्याची वेळ काटा चालू ठेवून डोळ्यांनी टिपली, ती बरोबर होती. त्याबद्दल आजही माझी खात्री आहे.

दुसऱ्या गटात आपल्याच वर्गातला एक मुलगा धावत होता. त्याचं नाव घेणार नाही. तो इथंच बसलाय आणि ‘नाव घेतलंस तर बघ’ असा दम त्यानंच दिलाय. शेतकऱ्याचा मुलगा, रोज चार किलोमीटर चालत शाळेत यायचा, अनवाणी धावायचा. शेवटच्या फेरीत तो एकटा पुढं होता. मी रेघेवर उभा. आणि त्याच वेळी कुंपणाच्या बाहेर गारेगारवाल्यानं घंटी वाजवली.

मी मान वळवली. एवढंच झालं. मान परत वळवली तेव्हा त्याची छाती रेघेच्या पुढं गेली होती. मी बटण दाबलं. काटा थांबला होता दोन मिनिटं १९.२ वर.

सर लांबून ओरडले, ‘किती?’

मी म्हणालो, ‘दोन, एकोणीस, दोन.’

सरांनी वहीत लिहिलं. तो तिसरा ठरला. फरक ०.४ सेकंद. त्या स्टॉपवॉचच्या भाषेत दोन ठोके. मी बटण किती उशिरा दाबलं ते मला माहीत नाही. अर्धा सेकंद असेल, एक असेल. दोन ठोक्यांपेक्षा जास्त, एवढं मला त्याच क्षणी कळलं होतं.

मी बोललो नाही. का नाही बोललो? ती नाडी परत कधी माझ्या मनगटाला बांधली गेली नसती, म्हणून. दुसरं कारण नव्हतं. त्या मुलानं माझ्याकडे येऊन विचारलं, ‘नक्की?’ मी म्हणालो, ‘काटा खोटं बोलत नाही.’ हे वाक्य मला अजून आठवतं. काटा खोटं बोलत नव्हताच.

मार्चमध्ये परीक्षा झाली. एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, आपण सगळे आभाळाकडं बघत फिरलो. मग ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसची ऑलिम्पिक. रेडिओवर बातमी आली, पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी. कांस्यपदक हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागानं. ५५.४१ आणि ५५.४२. घरात सगळे हळहळले. मी ताटावरून उठलो. आईला वाटलं, पोराला देशाचं फार वाईट वाटलं. उषाचा शंभरावा भाग यंत्रानं मोजलेला होता, त्यात कुणाची मान वळलेली नव्हती. माझे दोन ठोके मी खाल्ले होते.

त्यानंतर मी जिथं जिथं क्रोनोग्राफ बघितला तिथं थांबलो. दुकानाच्या काचेपुढं, मासिकाच्या पानावर, साहेबाच्या हातावर. लोकांना वाटायचं हा शौकीन आहे. शौकीन झालोच पुढं, ते नाकारत नाही. या घड्याळाचा आनंद मला खराखुरा आहे, त्यात खोट नाही. पण हे हातावर बांधलं त्या रात्री मी गंमत म्हणून काटा सोडला आणि दोन मिनिटं १९.२ वर थांबवला. पाच-सहा वेळा केलं. मग खालचं बटण दाबलं. काटा शून्यावर आला. मला झोप आली नाही.

मेळाव्याचं पत्र आलं होतंच. त्यात नंबरांची यादी होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला. चाळीस वर्षांत आम्ही दोनदा भेटलो असू, दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात. तो म्हणाला, ‘काय रे लेका, आज कशी आठवण?’ मी सगळं सांगितलं. गारेगारवाल्यासकट.

तो बराच वेळ बोलला नाही. मागं मोटार चालू असल्याचा आवाज येत होता, रानातच होता. मला वाटलं आता हसेल आणि म्हणेल, ‘सोड की, पोरं होतो.’ तसं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, ‘मला वाटत होतं, शेवटच्या वळणावर मीच ढिला पडलो.’ मग म्हणाला, ‘दादा बांधावर उभा होता त्या दिवशी बघायला. त्यानं घरी जाताना सांगितलं, पळायचं बंद कर आता, पाण्याच्या पाळ्या तरी धर. मीबी म्हटलं, वेळ नाही बसत आपली, तर कशाला?’

मित्रांनो, तो तालुक्याला गेला असता तर पुढं काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. कदाचित तिथं पहिल्याच फेरीत हरला असता. पण त्याचं हरणं त्याच्या पायांनी ठरवायला हवं होतं. ते मी ठरवलं. आणि वर त्याला चाळीस वर्षं असं वाटत राहिलं, की चूक त्याची.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुमचं वय झालंय, पण त्या दिवशी विचारलेला प्रश्न तुम्हाला आठवत नसला तरी मला आठवतो. तुम्ही विचारलं होतं, ‘किती?’ त्याचं खरं उत्तर आज देतो. मला माहीत नाही, सर. मी बटण उशिरा दाबलं. एवढंच बोलायचं होतं. तुम्ही मला एक थोबाडीत मारली असती, दुसऱ्या दिवशी त्याला परत धावायला लावलं असतं आणि विषय संपला असता.

इथं शिक्षक झालेले बरेच जण आहेत, कुणी तलाठी, कुणी बॅंकेत, एक जण न्यायाधीश आहे. आपण सगळेच रोज कुणाच्या तरी नावापुढं आकडे लिहितो. मी नोकरीत तीस-बत्तीस वर्षं मायक्रोमीटरनं मोजलं. मापाबद्दल शंका आली की मी पोरांना सांगायचो, ‘परत मोज. लाज वाटून घेऊ नको.’ पोरं म्हणायची साहेब फार काटेकोर. ते कुठून आलं ते आज तुम्हाला कळलं.

फोन ठेवताना मी त्याला म्हणालो होतो, मेळाव्याला ये, घड्याळ दाखवतो. काल रात्री तो आला. घड्याळ हातात घेतलं, बटणं दाबून बघितली, पाठीमागचा तो पायाचा ठसा बघितला. विचारलं, ‘चंद्रावर बूट घालूनच गेलते का?’ मग बराच वेळ कानाशी धरून बसला. मी त्याला म्हणालो, ‘उद्या सकाळी मैदानावर येतोस? तू पळ, मी वेळ धरतो. या खेपेला मान वळवणार नाही.’

तो म्हणाला, ‘माझा गुडघा गेलाय लेका. तू पळ. वेळ मी धरतो.’

तर उद्या सकाळी साडेसहा वाजता शाळेच्या मैदानावर मी आठशे मीटर पळणार आहे. पळणार म्हणजे काय, ते तुम्ही बघालच. चार फेऱ्या आहेत, डॉक्टर झालेल्या दोघांनी कृपया हजर राहावं. शिट्टी सरांनी वाजवावी अशी विनंती आहे. घड्याळ त्याच्या हातात असेल. बटण कधी दाबायचं ते तो बघेल. त्यानं दोन-चार ठोके इकडं-तिकडं केले तर माझी तक्रार नाही. जो आकडा सांगेल तो वहीत लिहावा.

खालचं बटण दाबायच्या आधी बघतो. सतरा मिनिटं. दोन जास्त झाली. खरी वेळ सांगितली आहे.